घोंगडीचे शीड

हे लिहायला बसलो याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात कागदावर काही लिहिण्याची रीत नाही. तसे काम पडलेच तर वडील गावातल्या मास्तरांकडे जातात. मी कॉलेजात गेलो म्हणून मला लिहिता येते असे आमच्या गावाला वाटते, पण ते खरे नाही. दुसरे असे की ज्या गोष्टींबद्दल मी लिहिणार आहे त्या माझ्या नाहीत. त्या एका मुलीच्या आहेत आणि मी तिला विचारलेले नाही. विचारायचे होते, आणि त्याआधी तिची माफी मागायची होती.

बारामतीजवळ कन्हेरीला आमची थोडी बागायत आहे. वांगी, गवार, मिरची असे माळवे आम्ही बारामतीच्या बाजाराला नेतो. मी लहान होतो तेव्हा दर वर्षी नवरात्राच्या सुमारास आमच्या मोकळ्या रानात मेंढरे बसायला येत. रानाला खत व्हावे म्हणून कळप आठ-दहा दिवस शेतात मुक्कामाला ठेवायचा आणि मेंढपाळाला ज्वारी द्यायची, ही आमच्याकडची पद्धत. दसरा झाला की ते कुटुंब घोड्यावर संसार लादून घाट उतरायचे, कोकणात जायचे, आणि पावसाच्या तोंडावर परतायचे.

कळप चरायला जाई तेव्हा नुकती जन्मलेली कोकरे मुक्कामावरच राहत. ती राखायला त्यांची मुलगी असे. माझ्याहून वर्षभराने मोठी असेल. शाळा सुटली की आम्ही सात-आठ मुले बाभळीखाली तिच्याभोवती बसत असू, आणि ती समुद्राच्या गोष्टी सांगे.

प्रत्येक गोष्टीत एकच पोर असे. बारा वर्षांची, जहाज हाकणारी.

"जहाज तिच्या बापाचं. बाप पडला तापानं. गडी म्हणालं, आता कोण हाकणार? ती म्हणाली, सरका तिकडं."

"तिला पोहाय येतं का?" एकाने विचारले.

"जहाज असताना पोहायचं कशाला? घरी बैलगाडी असताना तू बाजाराला पळत जातोस व्हय?"

शीड हा शब्द तिला ठाऊक नव्हता. तिच्या जहाजाला घोंगडे बांधलेले असे. एकदा वादळात ते घोंगडे फाटले. मग त्या पोरीने कातर घेतली आणि लाटा कातरल्या. एकेक लाट धरायची, तिची मान गुडघ्यात दाबायची आणि लोकर काढायची. हे सांगताना ती मांडीवरच्या कोकराची मान खरोखरच दाबून दाखवी आणि ते ओरडे.

"फेसाची लोकर ढीगभर निघाली. लगीच नवं घोंगडं विणलं."

"विणलं कुणी? जहाजावर सणगर व्हता व्हय?"

"व्हता की. तुझा चुलता."

सगळे हसत. एकदा एका माशाने अख्खे जहाज गिळले, तेव्हा त्या पोरीने माशाच्या पोटात चूल मांडली, मिरच्या भाजल्या, आणि मासा असा शिंकला की जहाज थेट बंदराला लागले. मिरचीचा ठसका आम्हां माळवेवाल्यांच्या पोरांना चांगला माहीत होता, म्हणून ही गोष्ट तर शंभर टक्के खरी वाटायची.

मला भावंडे नाहीत. आई फार बोलत नसे. शाळेतही माझे कुणाशी विशेष नव्हते. पण या बाभळीखाली मला एक काम होते. गोष्ट फारच पुढे गेली आणि मुले कुरकुर करू लागली की ती माझ्याकडे बोट करी.

"ह्यो शाळंत हुशार हाय. ह्याला इचारा. व्हय का न्हाय रं?"

मी म्हणे, "व्हय."

एवढेच. पण त्या एका शब्दाने गोष्ट पुढे जाई, आणि त्या वेळी सगळे माझ्याकडे बघत. वर्षातले ते आठ-दहा दिवस मी कुणीतरी असे. बाकीचे वर्षभर मी त्यांची वाट बघत असे.

मी चौथीत होतो त्या वर्षी मास्तरांनी भिंतीवर नकाशा लावला. कोकण, घाट, समुद्र, सगळे त्यात होते. मला फार आनंद झाला. ती कुठल्या बंदरावर जाऊन येते ते शोधावे आणि तिला दाखवावे असे मला वाटले. म्हणून मेंढरे आली त्याच दिवशी मी तिच्या वडिलांना विचारले, "तात्या, तुमी समुद्राजवळ कुठं उतरता?"

ते विडी ओढत होते. "समुद्र? आमी डोंगराच्या पायथ्याला भाताच्या रानात बसतो, बाळा. समुद्राला नेऊन मेंढरांना काय घालू? मीठ?"

ते सहज बोलले. मला मात्र फसवले गेल्यासारखे झाले. आता वाटते, त्यात फसवणूक कसली? पण तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा होतो आणि माझा 'व्हय' खोटा ठरला होता. शिवाय, हेही सांगायला हवे, मास्तरांनी नकाशाबद्दल वर्गात माझे कौतुक केले होते आणि ते आणखी कुणासमोर तरी मिरवायचे माझ्या मनात होते.

दुसऱ्या दिवशी गोष्ट रंगात आली होती. त्या पोरीने समुद्रातल्या भोवऱ्याला दावे बांधून तो जहाजाच्या मागे ओढत आणला होता. कुणीतरी म्हणाले, "असं कुठं असतंय व्हय?" तिने नेहमीसारखे माझ्याकडे बोट केले.

"व्हय का न्हाय रं?"

"न्हाय," मी म्हणालो. "हिनं समुद्र बघितलाच न्हाय. हिचा बाप म्हणाला. ही खोटारडी हाय."

कुणीच हसले नाही. तिने माझ्याकडे बघितले. मला वाटले ती भांडेल, आणि भांडणाची सगळी उत्तरे माझ्याजवळ तयार होती.

"बरं," ती म्हणाली. "मग फुडं काय झालं त्ये तू सांग."

मुले माझ्याकडे वळली. समुद्र कुठे आहे ते मला माहीत होते. घाट किती आणि नद्या कुठल्या तेही माहीत होते. पण भोवरा ओढत आणल्यावर त्या पोरीने त्याचे काय केले, हे मला काही केल्या सुचेना. मग एकजण म्हणाला, "चला रं," आणि सगळे उठले. ती कोकरांना पाणी दाखवायला गेली.

त्यानंतर ते लोक आणखी सात दिवस आमच्या रानात होते. मी रोज शाळेतून आल्यावर बांधापर्यंत जाई. बाभळीखाली ती एकटी असे, कधी लोकरीचा दोरा वळत, कधी नुसती. चालत गेलो असतो तर पन्नास पावले. मी बांधावरूनच परत फिरे. मुले तर माझ्याशी बोलायचीच बंद झाली होती. दसऱ्यानंतर ते कोकणात गेले.

पुढच्या वर्षी मला शिकायला बारामतीला मावशीकडे ठेवले. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा रानात लेंड्या आणि तीन दगडांची चूल तेवढी शिल्लक होती. त्याच्या पुढच्या वर्षीही तसेच झाले. मग एका दिवाळीला रान नुसतेच मोकळे होते. वडील म्हणाले, "त्यांनी मेंढरं इकली. पोरगी इंदापूरकडं दिली."

मॅट्रिक होऊन मी पुण्याला कॉलेजात आलो. इथे सगळ्यांना सगळे आधीपासून माहीत असते, म्हणून मी फारसे बोलत नाही. पहिल्या वर्षी सहलीला आम्हांला अलिबागला नेले आणि मी प्रथमच समुद्र पाहिला. मुले पाण्यात शिरली. मी वाळूवर बसलो. लाटा खरोखरच एकमेकींच्या पाठीवर चढत, ढकलत येत होत्या, मेंढरे अरुंद वाटेने येतात तशा, आणि पाठीवर पांढरे घेऊन. न बघता तिने हे कसे ओळखले असेल? शेजारी बसलेल्या मुलाला मी हे सांगायला तोंड उघडले, पण सुरुवात कुठून करावी ते कळेना. तो म्हणाला, "काय रे?" मी म्हणालो, "काही नाही."

त्या उन्हाळ्यात मी एस.टी.ने इंदापूरला गेलो. बाजाराचा दिवस होता. तिचे सासरचे गाव मला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी परक्या, लग्न झालेल्या बाईची चौकशी मी काय म्हणून करायची? माझ्यापायी तिलाच घरात बोलणी बसली असती. घोंगडी विकणाऱ्यांच्या रांगेपुढे मी बराच वेळ उभा राहिलो. एक म्हातारा म्हणाला, "कुणाकडं आलाय पाव्हणं?"

"कुणाकडं न्हाय," मी म्हणालो आणि पुढच्या गाडीने परतलो.

घरी हे लपले नाही. वडिलांनी विचारले तेव्हा मी सगळे सांगून टाकले. ते आधी हसले. "येवढ्यासाठी इंदापूर?" मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "तिचा भाऊ आता माळेगावला कारखान्यावर उसाच्या गाड्या आणतो म्हणत्यात. भेटला तर सांगतो त्येला. काय सांगू?"

"सांगा, मी तिला खोटारडी म्हणालो ती चूक झाली. आणि तिच्या गोष्टी मी लिहिल्या तर चालतील का, एवढं विचारा."

पुण्याला परत आल्यावर मी पोस्टमनची वाट बघू लागलो. ऊस तुटायला लागून दोन महिने झाले तरी काही आले नाही. खोलीतले मुलगे विचारत, मनिऑर्डर यायची आहे का. मी हो म्हणे.

परवा कार्ड आले. वडिलांनी सांगितले आणि मास्तरांनी लिहिले, असे ते आहे. घरी सर्व खुशाल. मिरची बरी आली. त्या मेंढपाळाच्या मुलीचा भाऊ कारखान्यावर भेटला, त्याच्याजवळ निरोप दिला होता, तो फिरून भेटला. बहीण सुखी आहे, तिला दोन मुलगे आहेत. दुपारी गल्लीतली सगळी पोरे तिच्या ओट्यावर असतात आणि ती त्यांना जहाजाचे काहीबाही सांगत असते. गोष्टींचे विचारायचे भाऊ विसरला. तुझा निरोप मात्र त्याने सांगितला. त्यावर ती पुष्कळ आठवत राहिली आणि हसून काय म्हणाली ते मास्तरांनी तिच्याच शब्दांत उतरवले आहे: "मला तर समदीच खोटारडी म्हणायची. त्यातला ह्यो कंचा?"