पायाळू बनुबाईचा खुबा

काष्टीच्या बाजाराच्या दिवशी बनुबाईच्या ओसरीवर माणसांची रांग लागायची. कुणाची कंबर धरलेली, कुणाच्या पाठीत उसण भरलेली. बनुबाई पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी आधी पाय बाहेर आलेली. आणि पायाळू माणसानं पाठीवरून पाय फिरवला की उसण पळते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक! चालताना ती डाव्या अंगाला झुलायची. त्यावरही लोक म्हणायचे, पायात गुण भरलाय, जड व्हायचाच. साठी आली तरी बाई त्या झुलण्याचा तोरा मिरवत होती.

पण ती नुसती पाय फिरवणारी नव्हती हो. चाळीस वर्षं हाताखालून माणसं गेलेली, बोटांनाच डोळे फुटलेले. रांगेतल्यांना दम भरायची, "गुडगा म्हंजी दाराची बिजागरी. एकाच बाजूनं मिटनार. पिळाल तर मोडाल! मान जात्यावानी डावी-उजवी फिरती, पर तिलाबी हद्द हाय. खांदा न् खुबा मातर राजं! वाटीत गोटा बसवल्याला असतो, म्हनून हात-पाय म्होरं, मागं, बाजूला, गोल, कुठंबी फिरत्यात."

तिची लेक सुरेखा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मूल पोटात पायाळूच निघालं, म्हणून सिझर करावं लागलं. मुलगी झाली. बनुबाईला आभाळ ठेंगणं झालं. आपल्या पायाचा वारसा आला म्हणून तिनं आळीभर पेढे वाटले. हे पाय जपायचे, या हौसेनं रोज आंघोळ घातली की ती पोरीचे पाय सरळ जोडायची आणि दुपट्यात करकचून आवळायची.

सुरेखा म्हणायची, "आई, जरा सैल बांध की."

"गप गं! तू मला शिकवनार व्हय? पाय वाकडं झालं म्हंजी?"

असे दोन महिने गेले. एका सकाळी तेल लावताना तिनं पोरीचे गुडघे मिटवून पाय बाजूला फाकवले. उजवा थेट अंथरुणाला टेकला. डावा अर्ध्यातच अडला. जरा रेटला, तर बोटांखाली खट्कन काहीतरी सरकलं.

गोटा वाटीत नव्हता! तिनं पुन्हा चाचपलं. पुन्हा खट्. घामानं तिचं कपाळ ओलं झालं.

"काय झालं गं?" सुरेखा धावत आली.

"खुबा... खुबा निखळलाय पोरीचा."

"मग बसव की! गावाच्या पाठी नीट करतीस, नातीचा खुबा न्हाई यायचा तुला?"

बनुबाईचे हात पुढं गेले आणि तसेच थांबले. हाड कसलं, नुसती काकडीची कोवळी फोड ती! चुकलं तर पोर जन्माची पांगळी व्हायची. "न्हाई गं बाई," ती म्हणाली, "रिक्षा बोलीव. नगरला जाऊ."

नगरच्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. "वाटी उथळ आहे, गोटा बाहेर सरकतोय. बाळ पायाळू होतं का?"

"व्हय. मीबी पायाळूच!" एवढ्या धास्तीतही बनुबाईची मान ताठ झाली.

"पायाळू बाळांचा खुबा असा सैल असण्याची भीती जास्त असते, आजी. पाय सरळ घट्ट बांधता का?"

बनुबाईची मान खाली गेली. "मीच बांधते."

"त्यानं गोटा आणखी बाहेर ढकलला जातो. बाळाचे पाय बेडकासारखे मोकळे हवेत."

अरे देवा! जिवापाड जपायला गेली आणि तिनंच घात केला. ती मटकन खाली बसली.

"घाबरू नका. लवकर आणलंत. पट्टा लावू, पाय फाकलेले राहतील, दोन-तीन महिन्यांत गोटा वाटीत बसेल. पळेल पोरगी." बाईंनी तिला उठायला हात दिला, दोन पावलं चालताना पाहिलं आणि त्या थबकल्या. "आजी, तुमचाही एक फोटो काढू या."

फोटो उजेडासमोर लागला. उजवीकडचा गोटा वाटीत नीट बसलेला. डावीकडची वाटी रिकामी. गोटा तिच्या वर, भलत्याच जागी हाडाला घासून बसलेला.

"ह्यो कुनाचा?" बनुबाईनं विचारलं.

"तुमचाच. जन्मापासून असाच असणार. म्हणूनच तुम्ही झुलता."

बनुबाई त्या रिकाम्या वाटीकडं बघतच राहिली. दुसऱ्याचा सांधा चिमटीत ओळखणाऱ्या बाईनं स्वतःच्या खुब्याला कधी बोट लावून पाहिलं नव्हतं. सुरेखानं तिचा दंड धरला. पलीकडं डॉक्टरीणबाई पोरीला पट्टा चढवत होत्या, आणि पोर पाय फाकवून खुशाल अंगठा चोखत होती.

"बाई," बनुबाईनं पोरीकडं बोट केलं. "माजाबी बसला असता का? ह्या वयात आनलं असतं तर?"

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. "बसला असता, आजी."

बनुबाईनं पदर तोंडात कोंबला आणि भर दवाखान्यात ती हमसून हमसून रडली. "माज्या आयला कुनी सांगितलंच न्हाई वो," ती म्हणत राहिली, "समदी माज्या पाया पडत हुती, पर कुनी सांगितलंच न्हाई."