आलेखावरचा ठिपका

मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा वास येणारा अर्जदार समोर बसला, की माझ्या प्रदीर्घ अर्जलेखन-सेवेतील तो चाकणचा कामगार आठवतो. मशीन बंद पाडल्याच्या आरोपावरून त्याची नोकरी गेली होती. त्याचा अर्ज मीच लिहिल्याने कामगार कार्यालयातील साहेबांपुढच्या सुनावणीलाही मी सोबत गेलो. तिथे कंपनीने संगणकावर आलेख उघडला. ठिपक्यावर माऊस नेला, की मशीन बंद पडल्याची वेळ दिसे. ती त्याच्या शिफ्टच्या आधीची होती. ती दाखवायला त्याने माऊस धरताच मी म्हणालो, "सरक भाऊ, साहेबांपुढे हे माझं काम." माझ्या हातून बटण दाबलेले असतानाच माऊस ओढला गेला आणि आलेखाचा रिकामा कोपराच मोठा होऊन पडदा कोरा झाला. मी वेड्यासारखा माऊस फिरवत राहिलो. कंपनीच्या माणसाने माऊसकडे हातही नेला नाही. "काका, आता काय वो?" तो कुजबुजला. पुरावा दिसत नाही म्हणत साहेबांनी फाईल मिटली. दोनदा क्लिक केल्यास आलेख पूर्ववत होतो, हे आज मला ठाऊक आहे. त्याला मात्र मी अद्याप सांगितलेले नाही.