चासी तडकलीय, तात्या

जनू गेल्याची बातमी आली, त्यानंतर चौथ्या दिवशी मी मुरबाडला त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या बायकोच्या हातात पेढ्यांचा खोका ठेवला. मुद्दाम नव्हे हो. आमच्याकडे दुखवट्याच्या घरी चहा-साखर नेतात, ती मी घेतलीच होती. पण सकाळी सरळगावला भाचीच्या मुलाचं बारसं होतं, तिथे मिळालेला खोकाही मोटरसायकलच्या हँडलला तशाच पिशवीत लटकत होता. बायको असती तर तिने पिशवी बघून दिली असती. पण ती बारशाहूनच एसटीने सापगावला घरी परतली, "मी नाय येत मुरबाडला" एवढंच म्हणून. वहिनींनी खोका उघडला, पाहिला, हळूच बंद केला. "असू दे भावजी, त्यांना आवडायचे," त्या म्हणाल्या. ओटीवरचे म्हातारे मात्र माझ्याकडे असे बघत होते, की या माणसाने हे पेढे याच दिवसासाठी पाच वर्षं राखून ठेवले असावेत. त्यांचं तरी काय चुकलं? जनूशी मी पाच वर्षं बोललो नव्हतो, हे त्या ओटीवर सगळ्यांना ठाऊक होतं.

जनू आणि मी शहापूरच्या शाळेत एका बाकावर. मी पुढे शिकलो आणि कारकून झालो. तो नववीत नापास झाला आणि माणसांच्या उपयोगाला आला. मुरबाडबाहेर माळशेजच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकून तो गाड्या दुरुस्त करायचा. आमची पिकअप त्याच्याशिवाय कुणाच्या हाताला लागत नसे. ती माझ्या वडिलांनी, तात्यांनी, एका खाणवाल्याकडून जुनीच घेतली होती. गवताच्या गाठी भरून वखारीवर न्यायच्या, हे तिचं काम. दसऱ्याला पहिलं फूल तिला, मग देवांना.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एकदा ती गाडी निघताना गदगदा हलायला लागली. वेग धरला की सीटखालून गुरगुर यायची. जनू सापगावला आला, खाली झोपला, शाफ्टला पेचकस लावून त्याची मूठ कानाशी धरली आणि म्हणाला, "सेंटर बेअरिंग गेलं." शाफ्ट म्हणजे इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जो लांब लोखंडी दांडा फिरतो, तो त्या गाडीत दोन तुकड्यांचा. मध्ये त्याला टेकू म्हणून रबराच्या कड्यात बसवलेलं एक बेअरिंग असतं. रबर फाटलं, बेअरिंग झिजलं, की दांडा थयथयाट करतो. जनूने आमच्या जांभळाखाली शाफ्ट उतरवला, दोन्ही तुकडे कसे जुळतात त्याची खडूने खूण केली आणि मला म्हणाला, "तू फक्त नट धू." मी नट धुतले. उत्साहाच्या भरात शाफ्टही रॉकेलने पुसून लख्ख केला, खडूसकट. नवं बेअरिंग बसवलं, शाफ्ट अंदाजाने चढवला, तर गाडी आधीपेक्षा जास्त हलायला लागली. जनूने पुन्हा सगळं उतरवलं, तुकडे जुळवले, या वेळी छन्नीने रेघ मारली आणि म्हणाला, "ही पूस आता. परत हात लावलास तर तुलाच शाफ्टला बांधून फिरवीन, कारकुंड्या!" मग त्याची नेहमीची परीक्षा... सीटवर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवायचा आणि गाडी शहापूरच्या नाक्यापर्यंत न्यायची. चहा सांडला नाही. तो कप तात्यांनी तिथेच रस्त्यावर उभं राहून प्यायला. त्या दिवसापासून जनूचा शब्द आमच्या घरात डॉक्टरच्या वर गेला.

म्हणून तर पुढचं लागलं. पाच-सहा वर्षांनी तीच गुरगुर पुन्हा आली. गाड्यांच्या बाबतीत आयुष्यात एकदाच मी बरोबर बोललो, ते तेव्हा. मी म्हणालो, "जनू, सेंटर बेअरिंग." तो खाली गेला, बराच वेळ बाहेर आला नाही. आला तो माझ्याकडे न बघता ओट्यावर तात्यांपाशी जाऊन उकिडवा बसला. "चासी तडकलीय, तात्या," तो म्हणाला. "सांगाडाच गेला. आता ही रस्त्यावर काढाल तर माणसं मरतील."

"वेल्डिंग मारू," तात्या म्हणाले.

"नाय टिकायचं. गिऱ्हाईक मी बघतो, भंगाराच्या वर चार पैसं देईल असा."

तात्या तेव्हा पंच्याहत्तरीचे, डोळ्यांत मोतीबिंदू, तरी गाडीची चावी त्यांच्याच करगोट्याला. बैल विकतानाही न रडलेला हा माणूस. त्यांनी बॉनेटला कुंकू लावलं, चावी सोडून जनूच्या हातावर ठेवली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. दोन वर्षांनी ते गेले, तोवर अंगणातल्या त्या रिकाम्या जागेत त्यांनी कुणाला सायकलही लावू दिली नाही.

ते जायच्या आधीचीच गोष्ट. टोकावड्याला एका धाब्यावर मी मिसळ खात बसलो होतो. समोरून भेंडीच्या क्रेट भरलेली पिकअप आली. रंग नवा होता, पण डाव्या मडगार्डचा पोचा माझ्याच हातचा. तो मी कसा ओळखणार नाही! चालवत होता किसन, जनूचा मेव्हणा. मला बघून बिचारा खुशीत उतरला. "तात्यांचा हात चांगला हो! आमच्या दाजींनी फकस्त सेंटर बेअरिंग बदललं. बाकी गाडीला काय पण नव्हतं." मिसळ तशीच ठेवून मी उठलो. गाडीखाली वाकून बघितलं, भर रस्त्यात, पांढऱ्या शर्टात. सांगाड्यावर केसभर चीर नव्हती.

तसाच मुरबाडला गेलो. जनू एका जीपखाली होता, नुसते पाय बाहेर. मी त्या पायांशी बोललो.

"जनू, चासी तडकली होती?"

आतला पान्याचा आवाज थांबला. "नव्हती."

"मग?"

"मग काय... खोटं बोललो."

"मेव्हण्यासाठी? माझ्या बापाच्या तोंडावर?"

आतून आलं, "तसंच समज."

मी वाट पाहिली. माणूस बाहेर येईल, शिवी देईल, निदान चहा सांगेल. पान्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. मी त्या पायांना तोंडाला येईल ते बोललो आणि निघून आलो. जनूकडे मी शेवटचं सरळ पाहिलं ते तेव्हा... ग्रीसने माखलेल्या दोन टाचा. पुढे लग्नांत, जत्रांत समोर आला तर मी मंडपाच्या झालरी मोजायचो. आणि आता तो छातीत कळ येऊन गेला.

दुखवट्याहून घरी आलो तेव्हा बायको तांदूळ निवडत बसली होती. पेढ्यांचं सांगितलं, ती हसेल असं वाटलं होतं, हसली नाही. मी बूट काढता काढता म्हणालो, "गेला बिचारा. पण एकदा तरी चुकलो म्हणाला असता."

"कसे म्हणतील? मी शपथ घातलेली त्यांना."

मी एका पायात बूट घालून तसाच उभा राहिलो. ती सुपातून मान वर न काढता बोलत होती. तेव्हा तात्या स्वतः पिकअप चालवत आमच्या दोन्ही लहान मुलींना मागे बसवून किन्हवलीला गेले होते, वळणावर समोरची एसटी त्यांना दिसलीच नाही, एसटीच्या ड्रायव्हरने बस शेतात घातली म्हणून पोरी वाचल्या. "तुमाला सांगितलं तर तुमी म्हणालात, बघतो. चार महिने बघत होतात. तात्यांपुढे तोंड उघडायची तुमची छाती नव्हती. मग मीच गेले जनूभावजींकडे. म्हटलं, तात्या तुमचंच ऐकतील. गाडी मेली म्हणून सांगा."

म्हणजे ज्याला मी पाच वर्षं दगाबाज म्हणत होतो, तो माझ्याच घरचं खोटं राखून बसला होता. आणि ते खोटं रोज मला जेवायला वाढत होतं! "तात्या गेल्यावर तरी सांगायचंस," मी म्हणालो. "मी त्याच्याशी बोललो नाही गो... तू बघत होतीस. का नाही सांगितलंस?"

तिने सूप खाली ठेवलं.

"कारण मी पण नव्हते बोलत त्यांच्याशी," ती म्हणाली. "खोटं बोला, असं सांगितलेलं मी. मेव्हण्याच्या दारात नेऊन लावा, असं नव्हतं सांगितलं."