मुद्देमालातले प्रोटीनचे डबे

नोकरीतल्या बहुतेक गुन्ह्यांचे नंबर मी विसरलो आहे. या एका गुन्ह्याचा नंबर मात्र झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन. आजवर त्याबद्दल कुठे लिहिलं नाही, कारण त्यात आरोपी एकच होता आणि चुका दोघांच्या होत्या. दुसरा मी.

तेव्हा मी रत्नागिरीतल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतलं एक गोडाऊन फुटलं. औषधं आणि पोषणाच्या पावडरींचा ठोक व्यापार होता. प्रोटीनचे डबे, कॅल्शियमच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या असा माल टेम्पोत भरून नेला होता. तपास अवघड नव्हता. पाचव्या दिवशी जयगडचा एक टेम्पोवाला आणि गोडाऊनचाच एक हमाल ताब्यात आले. माल जप्त केला, पंचांसमोर खोके बांधले, लाखेचं सील लावलं आणि सगळं मुद्देमालाच्या खोलीत ठेवलं. सुरुवातीला डब्यांच्या बॅच नंबरची चिठ्ठी मी शहरातल्या औषधाच्या दुकानांत आणि भंगारवाल्यांकडे वाटली होती. ती परत घ्यायची असते हे कोणाच्या लक्षात राहत नाही, माझ्याही राहिलं नाही.

मालकाला विम्याची भरपाई मिळाली. त्याने माल परत मागितला नाही. असा नाशवंत माल न्यायालयाची परवानगी घेऊन निकाली काढायचा असतो. तो अर्ज माझ्या सहीसाठी माझ्याच टेबलावर पडून होता. रोज काहीतरी त्याहून तातडीचं असायचं. दीड वर्ष गेलं.

त्या खोलीची किल्ली ज्यांच्याकडे होती त्या मुद्देमाल कारकुनांना ठाण्यात सगळे नाना म्हणत. हवालदार, वय पंचेचाळीसच्या आसपास, मूळ संगमेश्वरकडचे. अक्षर छापल्यासारखं. दहा वर्षांपूर्वीचा चाकू मागितला तरी दोन मिनिटांत लेबलासकट समोर ठेवत. शरीर मात्र फार सुटलेलं. साखर, रक्तदाब, गुडघे, सगळं होतं. वार्षिक तपासणीत वरिष्ठांनी त्यांच्यासमोर थांबून मला विचारलं, "हे कोणाच्या मागे धावणार?" सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी नानांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "वजन उतरवा. नाहीतर मी तुमची शिफारस कुठेच करणार नाही."

मोठ्या शहरातल्या एका डॉक्टरांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया सुचवली. खात्याच्या आरोग्य योजनेतून ती बसली. कागदांवर मी आनंदाने सह्या केल्या. वर्षभरात नाना ओळखू येईनासे झाले. नवा पट्टा, नवी पँट. मी त्यांना हजेरीच्या वेळी रांगेपुढे उभं करून म्हणालो, "बघा, मनावर घेतलं की होतं." नाना खाली बघत होते. मला तो विनय वाटला.

शस्त्रक्रियेनंतर आयुष्यभर काय घ्यावं लागतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. योजनेतून शस्त्रक्रिया बसत होती. नंतरच्या पावडरी आणि गोळ्या ज्याच्या त्याच्या खिशातून.

पुढच्या काही महिन्यांत नाना बदलले. केस विरळ झाले. नोंदवहीत अक्षर ओळीखाली उतरू लागलं. एके दिवशी जिना उतरताना कठड्याला धरून ते थांबले आणि पाऊल चाचपडत खाली टाकलं. तीस वर्षं दारूडे बघितलेल्या माणसाला यातून एकच अर्थ दिसतो. मी भर ठाण्यात त्यांच्या तोंडाजवळ नाक नेलं. वास आला नाही, म्हणून वैद्यकीय तपासणीला पाठवलं. अहवालात दारू नव्हती. कागद फाईलला लावला आणि मी तो विषय संपवला. मग हा माणूस अडखळतो कशाने, हा प्रश्न मला पडला नाही.

अशात एक दिवस सकाळी माझा जुना खबरी, एक भंगारवाला, पिशवीतून रिकामा डबा घेऊन आला.

"सायेब, तुमची चिठी मी अजून भिंतीला चिकटवून ठेवलीय. ह्यो नंबर बगा आनि त्यो बगा. माजा चष्मा जुना हाय, पन नंबर जुळतत."

नंबर जुळत होते.

"कोणाकडून आला?"

"हातगाडीवाली आनते. ती गावभर फिरते, पोलीस लायनीपासनं बंदरापरयंत. डबं काय बोलतत काय, आमी अमक्याच्या घरातले म्हनून?"

"नीट आठव."

"तुमी घाटावरची मानसं लय घाई करता सायेब. आटवला तर सांगतो."

पोलीस लाईन हा शब्द त्याने उच्चारला होता. मी तो ऐकला आणि बाजूला टाकला. माझा तर्क असा, की थोडा माल जप्त झालाच नसावा, आणि तो ठेवणारा तिसरा माणूस अजून बाहेर आहे. जामिनावर सुटलेल्या टेम्पोवाल्याला मी चौकशीला बोलावलं. सकाळी दहापासून बाकावर बसवून ठेवलं. समोरच्या टेबलावर नाना नोंदवही लिहीत होते.

"तिसरा कोण?"

"तिसरा नाय सायेब. चोरी केली ती कबूल केली. आता न केलेली पन कबूल करू?"

"मग हा डबा बाजारात कसा आला?"

"माल सगळा तुमच्या खोलीत हाय. मीच उचलून ठेवलाय, ह्या हवालदारांच्या समोर. आदी तितं बगा."

मी त्याच्या कानाखाली मारली. आरोपी उर्मट वाटला की तो खोटं बोलतोय असं आम्ही धरून चालतो. तो खरं बोलत होता.

नानांनी पेन बंद केलं. उठले, माझ्यासमोर येऊन टेबलावर किल्ली ठेवली.

"साहेब, त्याला पाणी द्या आणि सोडा. डबे माझ्याकडे होते."

"कुठे सापडले तुम्हाला?"

"सापडले नाहीत. संपवले मी."

पंच बोलावून खोली उघडली. खोक्यांवरची लाखेची सीलं जशीच्या तशी होती. दर महिन्याला मी तीच बघून नोंदवहीत सही करत असे. नानांनी खाली बसून एक खोका उलटा केला. तळ ब्लेडने सरळ रेषेत कापून वर टेप लावलेली होती. आत डब्यांच्या जागी जुने छापील फॉर्म ठासून भरले होते. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्यांच्या खोक्यांचंही तेच.

केबिनमध्ये दार लावून मी विचारलं, "का?"

त्यांनी मूठ वळून दाखवली. "पोट आता एवढंच राहिलंय. चार घास जातात. अंगाला जे लागतं ते चार घासांत बसत नाही."

"पगार मिळतो ना?"

"मिळतो. मुलगी नर्सिंगला हॉस्टेलवर आहे, गावी आईला औषधं. पहिले सहा महिने सगळं विकत आणलं. मग दिवसाआड. मग आठवड्यातून दोनदा. केस गेले तेव्हा हिने तेल बदललं. पाय गेले तेव्हा मी भ्यालो."

"पाय गेले म्हणजे?"

"चप्पल पायात आहे की निघालीय, ते खाली बघितल्याशिवाय कळत नाही. समोर खोके होते साहेब. वर तारीख छापलेली. महिन्याभरात बाद झाले असते. पहिला डबा त्या दिवशी उचलला."

"मला सांगायचं होतंत."

नाना म्हणाले, "तुम्ही तोंडाचा वास घेतला होतात."

नानांवर गुन्हा दाखल केला; सुरुवातीला म्हटलेला नंबर याच गुन्ह्याचा. लोकसेवकाने ताब्यातल्या मालाचा अपहार केला होता, दुसरं काही करता येत नव्हतं आणि ते चुकलं असंही मला वाटत नाही. अटकेची वैद्यकीय तपासणी करायला आम्ही त्यांना जिल्हा रुग्णालयात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी पावलांवर कापूस फिरवून विचारलं, "कळतंय?" नाना नाही म्हणाले. डॉक्टरबाईंनी शस्त्रक्रियेचे कागद मागून वाचले आणि त्या वैतागल्या.

"यांना बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन हवंय. ते आमच्याकडे मिळतं. लोह, कॅल्शियमच्या गोळ्याही मिळतात. केसपेपर काढून आला असतात तर एवढं झालं नसतं. आणि महागडी पावडरच पाहिजे असं कोणी सांगितलं? अंडी, दुधाची पावडर, कुळथाचं पिठलं. सुकट खाता ना?"

"खातो."

"मग भाजून कुटून ठेवायची. दोन-दोन चमचे दिवसातून पाच-सहा वेळा. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. इथे यायला काय झालं होतं?"

"शस्त्रक्रिया बाहेरची," नाना म्हणाले. "त्यांनी यादी दिली ती दुकानातून विकत आणायची. आणि वर्दीत रांगेत उभं राहायला लाज वाटली. लोक विचारतात, हवालदारांना काय झालंय."

रुग्णालय ठाण्यापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. नानांना ते पहिलं इंजेक्शन आरोपी म्हणून मिळालं. बरोबरच्या शिपायाने तोंड फिरवून घेतलं होतं.

विभागीय चौकशीत मला एकच प्रश्न आला: मुद्देमालाची मासिक तपासणी होत होती का? मी म्हणालो, होत होती, सील शाबूत होतं. शब्दशः खरं. विल्हेवाटीचा अर्ज माझ्याकडे पडून होता हे मी सांगितलं नाही. नानांना अधिकाऱ्यांनी विचारलं, वरिष्ठांच्या देखरेखीबद्दल काही म्हणायचं आहे का? मी बाहेर बाकावर बसलो होतो. आतून आवाज आला, "काही नाही." त्यांना सेवेतून काढून टाकलं. निवृत्तिवेतन गेलं आणि आरोग्य योजनाही गेली. मी त्यानंतर व्यवस्थित निवृत्त झालो. निरोपाला नारळ, शाल, भाषणं झाली.

या गुन्ह्याने मला काय शिकवलं? चोर पकडला की आम्ही विचारतो, तुला याची गरज का पडली. अनोळखी माणसाला हा प्रश्न मी शेकडो वेळा विचारला असेल. रोज समोर बसणाऱ्याला विचारला नाही. त्याच्याबद्दल मला आधीच सगळं माहीत आहे अशी माझी समजूत होती.

नानांचं बडतर्फीविरुद्धचं अपील अजून प्रलंबित आहे. गेल्या महिन्यात मी प्रतिज्ञापत्राचा मसुदा घेऊन त्यांच्या घरी गेलो. अर्ज, सह्या, सील, ती थप्पड, सगळं लिहिलं होतं. वहिनींनी चहा ठेवला आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता आत गेल्या. नानांचे पाय आता बरे आहेत, पूर्ण नाहीत. त्यांनी चष्मा लावून कागद सावकाश वाचला.

"यामुळे तुमच्या पेन्शनीला त्रास होईल साहेब."

"होऊ दे."

"मग एक दुरुस्ती करा. 'दारूच्या संशयावरून मी त्यांचा वारंवार अपमान केला' असं लिहिलंय. वारंवार नाही. वास तुम्ही एकदाच घेतला होतात. जबाबात अंदाजाने लिहू नये, उलटतपासणीत अडकाल."

मी पेन काढलं. 'वारंवार' खोडलं, वर 'एकदा' लिहिलं आणि खाडाखोडीपुढे सही केली. नानांनी ती सही नीट तपासून बघितली आणि कागद माझ्या हातात परत दिला.