पुलाच्या फोटोला मनाई होती तेव्हा

एसटीच्या खिडकीतून दिसेल ते फोनमध्ये टिपणाऱ्यांना खोटं वाटेल. पण सत्तरच्या दशकात, युद्ध होऊन चारेक वर्षं झाली असताना, पूल दिसला की कॅमेरा पिशवीत ठेवावा लागे. मी तेव्हा पंचविशीची, आणि दर नियमाला ‘का?’ विचारायची खोड.

नवऱ्याचा कॅमेरा आणि बारा फोटोंचा रोल घेऊन मी महाबळेश्वरहून सांगलीला बहिणीकडे निघाले. अकरा फोटो वरच्या दऱ्यांनीच खाल्ले. बारावा सांगलीजवळच्या टोलच्या पुलासाठी राखला होता, ‘फोटो काढण्यास मनाई’ची पाटी गेली उडत! साताऱ्याला गाडी बदलली. सकाळच्या गाडीत डावी खिडकी धरू नका, ऊन लागतं. स्टँडवरची भजी मात्र गरम होती.

कुंडलला एक बाई आणि फौजेतला तिचा मुलगा शेजारी येऊन बसले. रजा संपली होती. ती त्याला मिरजेला रेल्वेत बसवून द्यायला निघाली होती. कॅमेरा पाहून म्हणाली, “बाई, ह्याचा एक फोटू काढा की. घरात एक बी न्हाई. लय लांब चाललाय ओ.”

एकुलता एक फोटो! मन कुरकुरलं, मग त्याची लाजही वाटली. शेवटी ठरवलं, ह्यांना पुलावरच उभं करावं.

पुलाच्या टोलनाक्यावर उसाच्या गाड्यांची रांग होती. सगळे पाय मोकळे करायला उतरलो. पाटीखाली बसलेल्या नाकेदाराला विचारलं, “मनाई का हो?”

“वरनं हुकूम हाय. का, ते आमाला बी न्हाई सांगितलं.” मग हळूच, “काढा, मी तिकडं बघतो.”

मुलगाच अडला. “न्हाई ताई. मी असल्याच पुलावर पहारा करतो. लोकांचे कॅमेरे काढून घेतो. हितं मीच कसा हुबा ऱ्हाऊ?”

“आरं, ठेसनात बी काढू देत न्हाईत म्हनं! मग कवा काढायचा?” आई म्हणाली.

त्याने तिला रस्त्यालगतच्या उसाच्या शेताकडेला नेलं आणि मला पुलाकडे पाठ करून उभं केलं. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, तेवढ्यात मी बटण दाबलं.

घरी फोटो धुऊन आला. आई त्याच्याकडे बघतेय. तो माझ्या खांद्यावरून मागे, पुलाकडे. पुलाचा फोटो नाही याचं मला वाईट वाटलं नाही, ते आज सांगते. एक प्रत मी तिने सांगितलेल्या पत्त्यावर कुंडलला धाडली. महिन्याने कुणाकडून तरी लिहून घेतलेलं कार्ड आलं:

“फोटू मिळाला. लय चांगला आलाय. त्येला जरा माझ्याकडं बघ म्हनायला पायजे हुतं.”