दोन ठोके

तेल्हाऱ्याच्या स्टँडवरून माझी एसटी निघाली, तेव्हा घंटी कंडक्टरने वाजवली नव्हती. माझ्या विलासदादाने खिडकीतून पुस्तकांची पिशवी माझ्या मांडीवर टाकली, मागे सरला आणि बसच्या पत्र्यावर मुठीने दोनदा ठोकले. ड्रायव्हरने गाडी खरोखरच पुढे घेतली. कंडक्टर खाली पान थुंकत उभा होता, तो शिव्या देत धावत आला. सगळी बस हसली.

"दोन ठोके म्हंजे चालू!" दादा ओरडला. "वैशे, आता मांगं पाहाचं नाई!"

बाबा जरा लांब, रसवंतीच्या सावलीत उभे होते. त्यांनी हात हलवला नाही. आमच्याकडे पुरुष हात हलवत नाहीत.

तुमच्यापैकी जे वऱ्हाडातच राहिले त्यांना ठोके सांगायला नकोत. जे माझ्यासारखे लवकर निघून गेले त्यांच्यासाठी सांगते. बाबा अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर होते. सरकी निघालेली रुई प्रेसच्या पेटीत पडते, वरून लोखंडी दाब्या उतरतो आणि तिची गाठ बांधतो. सरकी काढणाऱ्या जिनांचा आवाज एवढा की शेजारच्या माणसाची हाकही पोचत नाही, म्हणून सगळा कारभार पान्याने चाले. पत्र्यावर एक ठोका म्हणजे थांब, माणूस पेटीत उतरतोय. दोन ठोके म्हणजे माणूस बाहेर आला, चालू कर. प्रेस चालवणारा पेटीला खेटूनच उभा असे. ठोका त्याला कानाने नाही तरी तळपायाने कळे.

हे शिकवायची शाळा एकच होती, ती म्हणजे बाबांचा हात. दादा तिथेच कामाला लागला तेव्हा पहिल्या हंगामात त्याने एकदा ठोका न देताच पेटीत पाय टाकला. बाबांनी त्याला सगळ्यांसमोर अशी थप्पड मारली की त्याच्या कानातून रक्त आले. घरी मी कापूस भिजवून त्याचा कान पुसत होते, आणि बाबा जेवता जेवता म्हणाले, "कान फुटला तं फुटला. मानूस तं राहिला." दादा पुन्हा कधी ठोका विसरला नाही. मार खाऊन शिकलेला माणूस विसरत नाही, असे मला तेव्हा वाटे.

मी अमरावतीला पदविका केली आणि तिथूनच चाकणच्या एका कंपनीने मला निवडले. माझे मार्क चांगले होते, पण कंपनीच्या यंत्रांपुढे मी अडाणीच होते. कॉलेजात आम्ही जी यंत्रे पाहिली होती, ती फळ्यावर काढलेली. कंपनीला हे ठाऊक होते. तिने आवारातच शाळा काढली होती. पगार चालू, अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस शॉपफ्लोअर. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला एक लाल कुलूप मिळाले, त्यावर आपले नाव आणि फोटो. यंत्रात हात घालायच्या आधी मुख्य स्विच बंद करायचा, त्याला आपले कुलूप लावायचे आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. आपण बाहेर येईपर्यंत ते यंत्र मालकाच्या बापालाही चालू करता येत नाही. चुकले तर मारत नसत. पुन्हा करायला लावत.

मी फोनवर हे दादाला सांगितले. तो खो खो हसला.

"मशीनले कुलूप? पुन्याले चोर लय झाले दिसतात!"

"दादा, हसू नको. तुमच्याकडं पण नवी प्रेस येऊन राहिली ना?"

"आली. टीव्हीवानी पडदा हाये तिले. तू कायजी नको करू, पाना जुनाच हाये माह्याजवळ."

नवी प्रेस खरेच आली. बरोबर काचेची केबिन आली, कारण पडद्याला रुईची धूळ आणि उन्हाळा सोसत नाही. केबिनला एसी, जाड दुहेरी काच आणि पडद्याला हादरे बसू नयेत म्हणून खाली रबर. शिकवायला एक साहेब आला. त्याने एका दुपारी हिंदीतून बटणे दाखवली, सगळ्यांचा फोटो काढला आणि गेला. पडदा वाचता येतो म्हणून केबिनमध्ये निलेश बसला. भातकुलीचा, आयटीआय केलेला, दादापेक्षा लहान. बाकीची माणसे होती तिथेच राहिली, पेटीपाशी, हातात पाना घेऊन. यंत्र बदलले आणि ठोके तेच राहिले, हे कोणाच्याच लक्षात आले नाही. जुन्या प्रेसवर त्या ठोक्यांनी माणसे वाचवली होती.

त्या दिवशी रुई अडकली आणि प्रेस आपोआप थांबली. दादाने एक ठोका दिला आणि तो पेटीत उतरला. केबिनमधल्या पडद्यावर लाल खूण आली होती. पेटीकडे पाठ करून बसलेल्या निलेशने साहेबाने शिकवल्याप्रमाणे ती पुसली आणि प्रेस चालू केली.

पुढचे मी एकदाच लिहिते. दाब्याने माझ्या भावाची रुईबरोबर गाठ बांधली. गाठीभोवतीच्या पट्ट्या कुऱ्हाडीने तोडाव्या लागल्या. मी चाकणहून पोचले तेव्हा पेटीपुढच्या फरशीवर पाणी मारले होते आणि भिंतीवर, माणसाच्या उंचीच्याही वर, मारायचे राहिले होते.

तिसऱ्याच्या दिवशी गावची माणसे गिरणीवर गेली. बाबा पुढे होते. केबिनची काच त्यांनी दगडांनी फोडली, निलेशला केसांना धरून बाहेर ओढले. त्याचा जबडा मोडला. पोलीस आले नसते तर तो वाचला नसता. तो तोंडातल्या रक्तातून सारखे एकच म्हणत होता, "मले आयकू नाई आलं, काका." त्यावर बाबांनी त्याच्या छातीवर लाथ मारली. चाळीस-एक हंगाम जिनांत काढून घरी बसलेल्या बाबांचेच कान निम्मे गेले होते, आणि तरीही त्यांना ठोका कळायचा. ज्याला ठोका ऐकू येत नाही असा माणूस त्यांच्या जगात नव्हता.

"आयकला त्यानं," ते घरी येऊन म्हणाले. "आयकून मारलं माह्या पोराले."

मी काच किती जाड होती ते सांगू लागले. त्यांनी हातातला तांब्या माझ्या दिशेने फेकला. तो माझ्या खांद्यावरून जाऊन भिंतीवर आदळला.

पुढच्या हंगामाआधी अकोला-अमरावतीच्या काही गिरणीमालकांनी मिळून ठरवले की आता नीट शिकवायचे, गिरणीतच, पगार चालू ठेवून. नवी काच बसली होती आणि केबिनमध्ये निलेशच होता, कारण पडदा वाचणारा दुसरा कोणी मिळालाच नव्हता. मालकांनी माझ्या कंपनीच्या प्रशिक्षण विभागाला बोलावले. शिकून झाल्यावर मी त्याच विभागात लागले होते, तिथे वऱ्हाडी येणारी मी एकटीच होते, आणि पहिला वर्ग त्याच गिरणीत होता.

बाबा फोनवर एवढेच म्हणाले, "त्या गिरनीत पाय ठेवशीन तं ह्या घरात ठेवू नको."

मी अकोल्याला लॉजवर उतरले. दीड-दोन तासांवर माझे घर होते आणि त्याचे दार मला बंद होते. पण त्या पेटीत उद्या दुसरा कोणीतरी उतरणारच होता.

वर्गात पहिल्या दिवशी खूप हसले सगळे. "मॅडम, प्रेसले कुलूप लावलं तं मंग मालकाले लावता काय?" "किल्ली हारपली तं हंगामभर पेटीतच राहाचं काय बाप्पा?" मीही हसले. मग मी मुख्य स्विचला कुलूप लावून दाखवले, तेव्हा किसनमामा पुढे आले. ते मुकादम, बाबांचे जुने सोबती, मला कडेवर खेळवलेले. त्यांनी हातोडा उचलला आणि त्या कुलपावर घातला. तिसऱ्या घावाला ते तुटून माझ्या पायाशी पडले.

"विलास गेला तवा कुठं होतं हे?" ते ओरडले. "ह्या पोट्ट्यानं ठोका आयकून बटन दाबलं. त्याले शिकव का ठोका काय असते! आमाले काहून शिकवून राहिली?"

मी पिशवीतून दुसरे कुलूप काढून त्याच जागी लावले. त्यांनी हातोडा माझ्या दिशेने उगारला, तसाच धरून ठेवला आणि मग फेकून दिला. दुसऱ्या दिवशी कोणी हसले नाही, पण कुलपाला हातही कोणी लावला नाही.

आणि एका सकाळी बाबा आले. किसनमामांनी कळवले असणार. जिनिंगची यंत्रे चालू होती, प्रेस बंद होती. बाबांच्या हातात त्यांचा लांब पाना होता. माणसे बाजूला झाली. ते नव्या काचेकडे बघत सरळ चालत आले. मला वाटले, आज इथे आणखी एक जण मरणार. निलेशची पाठ आमच्याकडे होती, तो पडद्याकडे बघत चहा पीत होता. मी बाबांच्या आडवी गेले. त्यांनी मला हाताने ढकलले, मी खांबावर आपटले.

पण ते केबिनकडे गेले नाहीत. पेटीपाशी थांबले आणि पत्र्यावर त्यांनी पाना मारला. एक ठोका.

निलेशने चहाचा घोट घेतला.

बाबांनी पुन्हा मारला. मग दोन्ही हातांनी. मग सगळे अंग टाकून, एकामागून एक. पत्र्याला खड्डा पडला, पान्याच्या कडेने त्यांचा तळवा फाटला, रक्त मनगटावरून ओघळले. माझ्या पायाखालची फरशी हादरत होती. काचेपलीकडे निलेशने कप खाली ठेवला, बाहीने ओठ पुसले आणि पडद्यावर बोट टेकवले. मान वळवली नाही.

बाबांचा हात थांबला. ते धापा टाकत त्या पाठीकडे बघत राहिले.

"याले तं आयकूच नाई येत," ते म्हणाले. कोणालाच नाही, हळू.

मग माझ्याकडे वळून त्यांनी रक्ताळलेला हात पुढे केला. "दे ते कुलूप."

त्यांनी ते लावले, दोनदा ओढून पाहिले, किल्ली सदऱ्याच्या खिशात घातली आणि दादा उतरला होता त्या पेटीत ते उतरले. बराच वेळ आत होते. वर आले तेव्हा चेहऱ्याला रुईचे तंतू चिकटलेले होते. ते केबिनचे दार उघडून आत गेले. निलेश उठला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले, मार अडवायला. बाबांनी पाना त्याच्या टेबलावर ठेवला.

"राहू दे हा इथं," ते म्हणाले. "आता याचं काम नाई."

दुसरे कुलूप किसनमामांनी मागून घेतले. कुलपावरचा फोटो काढताना ते टोपी सरळ करायला विसरले नाहीत.

मी आता हंगामात वऱ्हाडात असते आणि बाकी वर्ष चाकणला. चाकणच्या खोलीत माझी पुस्तके आहेत, गादी आहे, नावाची पाटी आहे. तिला घर म्हणायला माझी जीभ अजून तयार नाही. तेल्हाऱ्याला पहिल्यांदा परत गेले तेव्हा मी कडी वाजवायला हात उचलला, तर दार सताड उघडे होते. थंडीचे दिवस, आत वारा शिरत होता, आणि बाबा दाराकडे तोंड करून घोंगडे पांघरून बसले होते.

"बाबा, दार तरी लोटून घ्यावं ना. मी वाजवलं असतं."

"वाजवलं असतं," ते म्हणाले. "अन् मले आयकू आलं नसतं तं?"

तेव्हापासून मी निघाले असे कळवले की ते दार उघडे टाकतात, आणि मी पोचेपर्यंत त्याच्याकडे बघत बसतात.