रेडिओवर ह्यांचं नाव

मैत्रिणींनो, आज दुपारी नाशकात एक संगीत नाटक एकटीच पाहून आले. एकाहत्तरच्या युद्धात रेडिओवरून जवानांसाठी थेट गाणी म्हणणाऱ्या कलाकारांची गोष्ट होती.

रेडिओच्या निवेदिकेचं काम करणारी मुलगी मध्येच प्रेक्षकांत उतरली. "तेव्हा कोणाच्या घरचं माणूस सीमेवर होतं?"

माझा हात वर गेला. "आमचे हे होते. मी देवळ्याला, सासरी."

"आजी, नाव सांगा ना त्यांचं."

हे युद्धावरून सुखरूप आले, पुढे आम्ही पन्नास वर्षं संसार केला, पण उखाण्याशिवाय मी कधी ह्यांचं नाव घेतलं नाही. गेल्या वर्षी हे गेले.

"दत्तात्रय," मी हळूच म्हटलं.

ती स्टेजवर जाऊन माइकमध्ये म्हणाली, "पुढचं गाणं जवान दत्तात्रय यांच्यासाठी, देवळ्याहून त्यांच्या पत्नीकडून."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला गाणं नीट ऐकूच आलं नाही.

घरी येऊन कुलूप उघडलं. हे सगळं सांगायचं कोणाला? मग स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने हाक मारली, "दत्तात्रय!" बरं वाटलं, आणि रडूही आलं.

तुमच्या घरात कोणाचं नाव आता कोणीच घेत नाही? खाली लिहा. मी प्रत्येक नाव मोठ्याने वाचीन.